उजवीकडची रिकामी खुर्ची

ऑनसाइटला असताना वीकेंडला करायला फार काही नसतं. गाडी घेतली नव्हती आणि थंडी मरणाची. चालत जाता येईल अशा दोनच जागा होत्या, एक वॉलमार्ट आणि दुसरी गावची पब्लिक लायब्ररी. त्या लायब्ररीत एका शनिवारी जुन्या पुस्तकांचा सेल लागला होता. कुठलंही पुस्तक एक डॉलर! मी उचललेल्या पाच पुस्तकांपैकी चार अजून वाचलेली नाहीत (नेहमीप्रमाणे). पाचवं होतं अ‍ॅलन ब्लूमचं 'द क्लोझिंग ऑफ द अमेरिकन माइंड', १९८७ सालचं.

पुस्तक विचित्र आहे. ब्लूम शिकागो युनिव्हर्सिटीतला प्राध्यापक, प्लेटोच्या 'रिपब्लिक'चा अनुवादक. त्याची तक्रार अशी की अमेरिकन विद्यार्थी 'सगळ्यांचंच आपापल्या जागी बरोबर असतं' असं धरून चालतात, आणि म्हणून त्यांना काही शोधण्याची गरजच वाटत नाही. मग तो रॉक संगीताला झोडपतो, तिथून नीत्शेकडे जातो, हायडेगरकडे जातो, आणि शेवटी १९६० च्या दशकात विद्यापीठांनी कशी शरणागती पत्करली ते सांगतो. मी अर्ध्या पानांवर वैतागलो आणि अर्ध्या पानांवर 'अरे, हे खरंय की!' असं झालं. पण डोक्यात किडा वळवळायला लागला तो वेगळाच. असलं जड पुस्तक न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत पहिल्या नंबरावर गेलं, लाखो प्रती खपल्या. उजव्या मंडळींनी ते डोक्यावर घेतलं. (ब्लूम स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवून घ्यायला तयार नव्हता, तो भाग वेगळा.) म्हणजे लोकांना हे वाचायचं होतं. मग विद्यापीठांत असं लिहिणारे इतके थोडे का?

तेव्हापासून वीकेंडला जमेल तसं या विषयावर वाचतोय. आमच्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत असल्या गोष्टींचा वारासुद्धा लागला नव्हता, त्यामुळे कुठून सुरुवात करायची हेही कळत नव्हतं. पण वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली, तीच इथे मांडतो.

आधी शब्दाचा घोळ. 'कॉन्झर्व्हेटिव्ह' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सनातनी, सोवळ्यातला माणूस येतो. अमेरिकेत त्या एका शब्दाखाली तीन-चार वेगवेगळी कुळं नांदतात. बाजाराला मोकळं सोडा म्हणणारे अर्थतज्ज्ञ, परंपरा आणि धर्म टिकवा म्हणणारे, जुने ग्रीक ग्रंथ नीट वाचा म्हणणारे, आणि आधी डावे असून नंतर हात पोळलेले. यांचं आपसात अजिबात पटत नाही. म्हणून मराठी शब्दाच्या फंदात न पडता कॉन्झर्व्हेटिव्हच लिहितो.

गोष्ट सुरू होते १९५० साली, आणि गंमत म्हणजे एका लिबरल माणसापासून. लायोनेल ट्रिलिंग हा कोलंबिया युनिव्हर्सिटीत इंग्रजीचा प्राध्यापक आणि मोठा समीक्षक. 'द लिबरल इमॅजिनेशन' या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने लिहिलं की सध्या अमेरिकेत उदारमतवाद ही एकमेव बौद्धिक परंपरा उरली आहे. उजवीकडे विचार असे नाहीतच, नुसती चिडचिड आहे. हे वाक्य कॉन्झर्व्हेटिव्ह लोक आजही जखमेसारखं जपतात. पण त्याच प्रस्तावनेतला पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. ट्रिलिंग आनंदाने टाळ्या पिटत नव्हता, त्याला काळजी वाटत होती. त्याने जॉन स्टुअर्ट मिलचा दाखला दिलाय. मिल पक्का उदारमतवादी, तरी त्याने आपल्याच लोकांना कोलरिजसारखा परंपरावादी विचारवंत वाचायला सांगितलं होतं, कारण तगडा विरोधक नसेल तर आपले विचार आळशी होतात. आपल्याकडे शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडावा लागायचा, तसंच काहीसं. थोडक्यात, १९५० मध्ये एक लिबरल प्राध्यापक म्हणत होता, समोरची खुर्ची रिकामी आहे, कोणीतरी येऊन बसा रे!

पुढच्या तीन वर्षांत दोघं जण आले. दोघांपैकी एकही त्या खुर्चीत बसला नाही.

पहिला विल्यम बकली. १९५१ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, येलमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या या पोराने 'गॉड अँड मॅन अ‍ॅट येल' लिहून आपल्याच कॉलेजवर बॉम्ब टाकला. म्हणणं असं की येलचा खर्च चालवतात श्रद्धाळू ख्रिश्चन, भांडवलशाही मानणारे माजी विद्यार्थी, आणि त्यांच्याच पोरांना तिथे धर्माविरुद्ध आणि बाजाराविरुद्ध शिकवलं जातं. उपाय? शैक्षणिक स्वातंत्र्य वगैरे अंधश्रद्धा सोडा, काय शिकवायचं ते पैसे देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आणि विश्वस्तांनी ठरवावं! मॅकजॉर्ज बंडी (हाच पुढे केनेडी आणि जॉन्सनचा सुरक्षा सल्लागार झाला) याने 'अटलांटिक' मासिकात पुस्तकाची सालं काढली. पुस्तक मात्र जोरात गाजलं. मला बकलीची भाषा आवडते, धिटाई आवडते, पण युक्तिवाद साफ चुकलाय असं वाटतं. तो 'आमची बाजूही शिकवा' असं म्हणत नव्हता, 'आमचीच शिकवा' असं म्हणत होता. ही मागणी लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

दुसरा रसेल कर्क. हा माणूस मला जास्त भावला. मिशिगनमधल्या रेल्वे इंजिन ड्रायव्हरचा मुलगा. मिशिगन स्टेटमध्ये इतिहास शिकवता शिकवता स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमध्ये जाऊन डॉक्टरेट केली. तो प्रबंध १९५३ मध्ये 'द कॉन्झर्व्हेटिव्ह माइंड' या नावाने आला. त्याने आधी ठरवलेलं नाव होतं 'द कॉन्झर्व्हेटिव्ह्ज राउट', म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्हांची दाणादाण :-) एडमंड बर्कपासून सुरू करून ब्रिटन-अमेरिकेतल्या जवळजवळ दोन शतकांच्या परंपरावादी विचारवंतांची एक सलग वंशावळ त्याने उभी केली. ट्रिलिंगने उजवीकडे विचारच नाहीत म्हटलं होतं ना, हे घ्या चारशेहून जास्त पानं. 'टाइम'सारख्या साप्ताहिकाने त्याची मोठी दखल घेतली, आणि 'कॉन्झर्व्हेटिव्ह' हा शब्द लाज न वाटता स्वतःला लावता येतो हे अनेक अमेरिकनांना या पुस्तकामुळे कळलं.

आणि त्याच वर्षी कर्कने मिशिगन स्टेटची नोकरी सोडली. त्याला कोणी काढलं नव्हतं बरं का. महायुद्धानंतर विद्यार्थ्यांची संख्या फुगत होती, अभ्यासक्रम सोपे केले जात होते, क्रीडा आणि धंदेशिक्षणाकडे लक्ष जास्त होतं. याला शिक्षण म्हणायचं नाही, असं ठरवून तो मेकोस्टा नावाच्या खेड्यात वाडवडिलांच्या जुन्या घरात राहायला गेला. लेखणीवर जगला. मोटारगाडीला तो यांत्रिक जेकबिन म्हणायचा, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीतल्या माथेफिरूंइतकीच विध्वंसक! पैशासाठी भुताच्या गोष्टी लिहिल्या, त्यातली एक कादंबरी त्याच्या बाकी सगळ्या पुस्तकांपेक्षा जास्त खपली. पुढची पंचवीस वर्षं 'नॅशनल रिव्ह्यू'मध्ये त्याचं शिक्षणावरचं सदर चालू होतं, सदराचं नाव 'फ्रॉम द अकॅडमी'. अकॅडमी सोडून बसलेला माणूस आणि सदराचं नाव हे! तरुण विद्यार्थी त्याच्या घरी येऊन राहायचे, त्याच्या लायब्ररीत वाचायचे. एका अर्थी त्याने स्वतःचं गुरुकुल काढलं.

राजीनाम्याचं हे प्रकरण वाचताना मला खूप आदर वाटला आणि थोडा रागही आला. कर्कच्या तक्रारी खऱ्या होत्या. पण तो गेल्यावर मिशिगन स्टेटमधल्या हजारो पोरांना बर्क कोणी शिकवला? जे त्याच्या घरी पोचले ते बहुतेक आधीच त्याच्या मताचे असणार. ज्याला बर्क पटणार नव्हता, जो वर्गात हात वर करून भांडला असता, तो मेकोस्टाला कशाला जाईल?

इथे एक गोष्ट टाळून चालणार नाही. विद्यापीठांनी या मंडळींकडे पाठ फिरवली याला नुसता पूर्वग्रह हे कारण नव्हतं. १९५५ मध्ये बकलीने 'नॅशनल रिव्ह्यू' काढलं, आणि १९५७ मध्ये त्यात संपादकीय आलं की दक्षिणेत गोरे अल्पसंख्य असले तरी तूर्त तेच पुढारलेले आहेत, म्हणून सत्ता त्यांच्याच हाती राहणं योग्य. फेब्रुवारी १९६५ मध्ये केंब्रिज युनियनमध्ये बकली विरुद्ध लेखक जेम्स बॉल्डविन असा वाद झाला, अमेरिकन स्वप्न काळ्या माणसाच्या जिवावर उभं आहे का, या विषयावर. बॉल्डविनला ५४४ मतं, बकलीला १६४. (व्हिडिओ यूट्यूबवर आहे, नक्की बघा. बॉल्डविन बोलत असताना सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता आहे.) २००४ मध्ये बकलीने कबूल केलं की नागरी हक्कांच्या बाबतीत आपण चुकलो होतो, केंद्र सरकारने हस्तक्षेप करणं गरजेचंच होतं. पण जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा परंपरेच्या या अभ्यासकांनी परंपरेतला सगळ्यात मोठा अन्याय बघायचं नाकारलं. त्या काळात वर्गात बसलेल्या पिढीने ते लक्षात ठेवलं, आणि तीच पिढी पुढे प्राध्यापक झाली.

आता शिकागो. माझ्या दृष्टीने सगळ्या गोष्टीचा गाभा इथे आहे.

१९५० मध्ये फ्रीडरिश हायेक शिकागोला आला. 'द रोड टू सर्फडम'मुळे सामान्य वाचकांत त्याचं नाव झालेलं, पण त्याची जागा अर्थशास्त्र विभागात नव्हती. त्याला 'कमिटी ऑन सोशल थॉट' नावाच्या वेगळ्याच विभागात बसवलं, आणि पगार येत होता कॅन्सस सिटीतल्या एका व्यापाऱ्याने ठेवलेल्या व्होल्कर फंडातून. म्हणजे बाहेरच्या पैशाने का होईना, माणूस आत आला. त्याच फंडाच्या मदतीने अ‍ॅरन डायरेक्टर हा मिल्टन फ्रीडमनचा मेहुणा शिकागोच्या लॉ स्कूलमध्ये आला होता. डायरेक्टरने आयुष्यात फारसं काही लिहिलं नाही. आजच्या विद्यापीठात त्याला कायमची नोकरी मिळालीच नसती. पण त्याने केलेला एक प्रकार ऐका.

लॉ स्कूलमध्ये एडवर्ड लेव्ही अँटीट्रस्ट शिकवायचा. म्हणजे मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी रोखणारे कायदे. लेव्ही डाव्या-उदार वळणाचा, अतिशय हुशार, पुढे विद्यापीठाचा अध्यक्ष आणि देशाचा अ‍ॅटर्नी जनरल झाला. आठवड्यातले चार दिवस लेव्ही निकाल समजावून सांगायचा, न्यायालयांनी हे असं का ठरवलं, त्यामागचं तर्कशास्त्र काय. पाचव्या दिवशी डायरेक्टर त्याच वर्गात यायचा आणि लेव्हीने चार दिवस शिकवलेलं अर्थशास्त्राच्या दृष्टीने कसं निरर्थक आहे ते त्याच विद्यार्थ्यांना दाखवायचा. हे लेव्हीच्या पूर्ण संमतीने! त्या वर्गातला एक विद्यार्थी होता रॉबर्ट बोर्क. तो तिथे अक्षरशः बदलून बाहेर पडला आणि १९७८ मध्ये त्याने 'द अँटीट्रस्ट पॅरॅडॉक्स' लिहिलं. अमेरिकेतल्या न्यायालयांनी पुढची कित्येक वर्षं मक्तेदारीचे खटले ज्या चष्म्यातून पाहिले, तो बऱ्याच अंशी या पुस्तकाचा. गूगल, अ‍ॅमेझॉनवरच्या खटल्यांच्या बातम्या आपण वाचतो ना, त्यातला 'ग्राहकाचं नुकसान झालं का' हा प्रश्न म्हणजे त्या पाचव्या दिवसाचाच वारसा. बोर्कचं म्हणणं बरोबर होतं का यावर आज जोरदार वाद आहे, आणि व्हायलाच हवा.

दुसरा किस्सा १९६० चा, जॉर्ज स्टिग्लरने आत्मचरित्रात सांगितलेला. रोनाल्ड कोस तेव्हा व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत होता. प्रदूषणासारखं नुकसान झालं की सरकारने कर लावावा, ही पिगूची शिकवण सगळ्यांना मान्य होती. कोस म्हणत होता की व्यवहाराचा खर्च नसेल तर दोन्ही पक्ष आपसात सौदा करून त्याच निष्कर्षाला येतील, हक्क कोणाचा आहे ते फक्त स्पष्ट हवं. शिकागोवाल्यांना वाटलं हा एवढा शहाणा माणूस इतकी ढोबळ चूक कशी करतो! डायरेक्टरच्या घरी जेवणाला बोलावलं. फ्रीडमन, स्टिग्लर, सगळी मातब्बर मंडळी. जेवणाआधीचा कौल वीस विरुद्ध एक, तो एक म्हणजे कोस स्वतः. दोन तास घमासान झालं, आणि उठताना एकवीसच्या एकवीस कोसच्या बाजूने. लक्षात घ्या, हे सगळे बाजार मानणारेच होते, तरी पाहुण्याला सोलून काढण्याच्या तयारीने बसले होते. त्या रात्रीनंतर कोसने लिहिलेला लेख कायदा आणि अर्थशास्त्र या दोन्ही क्षेत्रांत सर्वाधिक उद्धृत झालेल्या लेखांपैकी एक आहे.

आणि व्हर्जिनियाने काय केलं? तिथे कोस, जेम्स ब्युकॅनन आणि गॉर्डन टुलक असा भन्नाट गट जमला होता. तिथल्या प्रशासनाला हा गट फारच उजवा वाटत होता. कोस १९६४ मध्ये शिकागोला गेला. टुलकला तीनदा बढती नाकारली, तोही गेला. १९६८ मध्ये ब्युकॅनन गेला. ब्युकॅननला १९८६ मध्ये नोबेल, कोसला १९९१ मध्ये. आमच्याकडे एखादी टीम फुटून तिचे लोक दुसऱ्या कंपनीत चमकले की जुने मॅनेजर 'ते तसेही जाणारच होते' म्हणतात, त्याची आठवण झाली. ब्युकॅननच्या व्हर्जिनियातल्या कामाचा वंशभेदाच्या राजकारणाशी किती संबंध होता, यावर इतिहासकारांत २०१७ पासून जुंपली आहे. ते खरं मानलं तरी टुलकची बढती त्या कारणाने अडलेली नव्हती.

मग आलं १९६९. एप्रिलमध्ये कॉर्नेल युनिव्हर्सिटीत काळ्या विद्यार्थ्यांनी विलर्ड स्ट्रेट हॉल ताब्यात घेतला, आणि बाहेर येताना त्यांच्या हातात बंदुका होत्या. त्यांचं म्हणणं होतं की रात्री गोरी पोरं आत घुसली, स्वसंरक्षणासाठी बंदुका आणाव्या लागल्या. प्रशासनाने मागण्या मान्य केल्या. ब्लूम तेव्हा तिथेच शिकवत होता. तो सोडून टोरोंटोला गेला. इतिहासकार डोनाल्ड केगन येलला गेला. थॉमस सोवेल हा काळा अर्थतज्ज्ञ तिथे शिकवत होता, तोही त्याच वर्षी बाहेर पडला. ब्लूमच्या पुस्तकाचा शेवटचा भाग म्हणजे या दिवसांचा हिशोब आहे, आणि त्यातला राग अठरा वर्षांनंतरही ताजा वाटतो.

कॉर्नेलच्या या बातमीने आणखी एक माणूस हादरला. जॉन ऑलिन, कॉर्नेलचा माजी विद्यार्थी, रसायनं आणि दारूगोळ्याच्या धंद्यात गब्बर झालेला. त्याने आपल्या फाउंडेशनचा पैसा विद्यापीठातल्या उजव्या विचारांसाठी लावायचं ठरवलं, आणि एका पिढीत सगळा खर्च करून दुकान बंद करा असंही सांगितलं. २००५ मध्ये ते खरंच बंद झालं. या पैशाची गंमत अशी की तो बकलीच्या सल्ल्याप्रमाणे 'हे शिकवा, ते काढा' म्हणून वापरला नाही. सगळ्यात मोठा वाटा हार्वर्ड, येल, शिकागो अशा ठिकाणी 'लॉ अँड इकॉनॉमिक्स'ला गेला. हा विषय तांत्रिक आहे, डावे प्राध्यापकही तो आनंदाने करतात. म्हणजे खुर्ची विकत घेतली, पण बसणाऱ्याला वाद घालूनच टिकायचं होतं.

१९८२ मध्ये येल आणि शिकागोच्या काही कायद्याच्या विद्यार्थ्यांनी 'फेडरलिस्ट सोसायटी' सुरू केली. ऑलिनच्या पैशाचा आधार तिलाही होता. बोर्क आणि अँटोनिन स्कॅलिया हे तिचे पहिले मार्गदर्शक. त्यांच्या कार्यक्रमांची ठरलेली पद्धत म्हणजे वादविवाद, व्यासपीठावर विरोधकाला आवर्जून बोलवायचं. सुरुवातीला हे शहाणपणाचंच होतं, कारण नुसत्या उजव्या वक्त्याला ऐकायला येलमध्ये कोण येणार? पण सवय लागली. चाळीस वर्षांनंतर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात नऊपैकी सहा न्यायाधीश रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले होते, आणि त्यातल्या बहुतेकांचं या सोसायटीशी जुनं नातं. त्यांचे निकाल मला पटतात असं नाही, काही तर अजिबात नाही. पण सत्तेवरच्या पकडीसाठी अध्यक्ष लागले, सिनेट लागली, पैसा लागला, तशी समोरच्याच्या घरात जाऊन घासून घेतलेली एक विचारपद्धतीही लागली.

याउलट इतिहास, साहित्य, समाजशास्त्र. तिथून मंडळी बाहेर पडली ती थेट थिंक टँककडे. आमच्या भाषेत सांगायचं तर, मुख्य प्रोजेक्टवाले आपला पॅच घेत नाहीत म्हणून यांनी फोर्क केला. फोर्क करायला हरकत काहीच नाही, कित्येकदा तोच मार्ग असतो. फक्त आता तुमचा कोड रिव्ह्यू तुमचेच मित्र करणार.

हेरिटेज फाउंडेशनची जन्मकथा बघा. १९७१ मध्ये सुपरसॉनिक विमानाच्या निधीवर काँग्रेसमध्ये मतदान होतं. अमेरिकन एंटरप्राइज इन्स्टिट्यूटने त्यावर चांगला अभ्यास केला, पण तो हातात पडला मतदान होऊन गेल्यावर. काँग्रेसमध्ये काम करणारे दोन तरुण, पॉल वायरिक आणि एडविन फ्यूलनर, भडकले. म्हणाले, अभ्यास मतदानाच्या आधी नको का यायला? १९७३ मध्ये हेरिटेज निघालं. त्यांचा नियम प्रसिद्ध आहे: निबंध ब्रीफकेसमध्ये मावला पाहिजे आणि विमानतळावरून कॅपिटॉलला पोचेपर्यंत वाचून झाला पाहिजे. डेडलाइनच्या आधी डिलिव्हरी, युजरला काय हवं ते ओळखणं... आमच्या क्षेत्रात याला दादच मिळेल. १९८१ मध्ये रेगनसाठी त्यांनी हजाराहून जास्त पानांचा 'मँडेट फॉर लीडरशिप' दिला (हा मात्र कुठल्याच ब्रीफकेसमध्ये मावणारा नव्हता), २०२३ मध्ये त्याच नावाने प्रोजेक्ट २०२५ आला. परिणाम प्रचंड. पण या पन्नास वर्षांत कर्कच्या पुस्तकाच्या तोडीचं एक पुस्तक तिथून आलं का? निष्कर्ष आधी ठरलेला असेल तर अभ्यास करायला उरतो तरी काय!

आकडे सांगतो, कारण यावर नेहमी भांडणं होतात. नील ग्रॉस आणि सोलन सिमन्स यांच्या २००७ च्या पाहणीत सुमारे ४४ टक्के प्राध्यापक लिबरल, ४६ टक्के मध्यममार्गी आणि ९ टक्के कॉन्झर्व्हेटिव्ह निघाले. 'म्हणजे पक्षपात!' असं उजवे म्हणतात. ग्रॉसने एक प्रयोगही केला. पीएचडीचे प्रवेश बघणाऱ्या प्राध्यापकांना ईमेल पाठवल्या, काहींत विद्यार्थ्याने ओबामाच्या प्रचारात काम केल्याचा उल्लेख, काहींत मॅकेनच्या. उत्तरांत फारसा फरक नव्हता. त्याचं म्हणणं असं की नर्स म्हटलं की बाई डोळ्यांसमोर येते, तसं प्राध्यापक म्हटलं की लिबरल येतो, म्हणून कॉन्झर्व्हेटिव्ह पोरं त्या वाटेला जातच नाहीत. दुसरीकडे शील्ड्स आणि डन या दोघांनी (हे स्वतः कॉन्झर्व्हेटिव्ह) १५३ कॉन्झर्व्हेटिव्ह प्राध्यापकांच्या मुलाखती घेऊन २०१६ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात जवळपास एक तृतीयांश जणांनी नोकरी कायम होईपर्यंत आपली मतं लपवली होती, तरीही एकूण विद्यापीठात आपण सुखी आहोत असं बरेच जण म्हणाले. दोन्ही खरं असू शकतं. दार बंद नसतं, पण आत सगळे अनोळखी दिसले की माणूस उंबऱ्यावरूनच परत फिरतो.

गेल्या काही वर्षांत मात्र पद्धत बदलली आहे. आता खुर्ची भरायचं काम राज्य सरकारांनी अंगावर घेतलंय. अ‍ॅरिझोना स्टेटमध्ये २०१७ मध्ये विधिमंडळाच्या पैशाने नागरिकशास्त्र आणि अभिजात ग्रंथांचं वेगळं स्कूल सुरू झालं. फ्लोरिडात २०२२ मध्ये हॅमिल्टन सेंटर. टेनेसी, ओहायो, नॉर्थ कॅरोलायना तशाच वाटेने गेले. यातल्या काही ठिकाणी खरोखर चांगले अभ्यासक आहेत, प्लेटो आणि टॉकव्हिल मनापासून शिकवतात, आणि डाव्या विद्यार्थ्यांनाही ते आवडतं असं वाचलंय. पण जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या न्यू कॉलेजचे विश्वस्तच गव्हर्नरने बदलले. आणि एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने हार्वर्डला पत्र पाठवून प्रत्येक विभागात मतांची विविधता आहे की नाही याची बाहेरच्या माणसाकडून तपासणी करा, नसेल तिथे तशी माणसं भरा, अशी मागणी केली. हार्वर्डने नकार दिल्यावर अब्जावधी डॉलरचा संशोधन निधी गोठवला. प्रकरण कोर्टात गेलं, सप्टेंबर २०२५ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी हार्वर्डच्या बाजूने निकाल दिला.

बकलीची १९५१ ची मागणीच ही. पैसे देणारा ठरवणार. फक्त माजी विद्यार्थ्यांच्या जागी आता केंद्र सरकार आलंय. ज्या विचारपरंपरेचा सगळा भर केंद्रीय सत्तेपासून लहान संस्थांना वाचवण्यावर होता, तिच्या नावाने हे व्हावं! कर्कने नाक मुरडून मेकोस्टाचं दार लावून घेतलं असतं. लिबरल प्राध्यापकांनाही मी सोडणार नाही. तीस-चाळीस वर्षं त्यांच्या कॉरिडॉरमधला एकेक वेगळा आवाज निवृत्त होत गेला आणि त्यांना चुकल्यासारखं वाटलं नाही. ट्रिलिंगला १९५० मध्येच वाटलं होतं.

अर्थात पत्रं पाठवून डायरेक्टर नेमता येत नाही. डायरेक्टरला वर्गात यायला संमती लेव्हीची होती. चार दिवस स्वतः मेहनतीने शिकवायचं आणि पाचव्या दिवशी ते मोडून काढणाऱ्याला स्वतःच आत घ्यायचं, हे मला कोड रिव्ह्यूमध्येसुद्धा जमत नाही. कोणी माझ्या डिझाइनला नावं ठेवली की दिवसभर तोंड पाडून बसतो.

असो. खूप लांबलं. ब्लूमचं पुस्तक सध्या एका मित्राने नेलंय आणि तो परत देईल अशी आशा सोडली आहे. त्याऐवजी रसेल कर्कच्या भुताच्या गोष्टी मागवल्यात. दोन वाचून झाल्या. दुसरी वाचली तेव्हा रूममेट गावाला गेला होता, ती चूक झाली.